वेळेचे कप्पे, मर्यादित यादी की पोमोडोरो: संध्याकाळ आपली राहावी म्हणून काय निवडावं?

काम आणि घर यांची ओढाताण थांबावी म्हणून वेळेचं नियोजन शिकायला निघालेल्या माणसाला सल्ल्यांची वानवा नसते. कुणी कॅलेंडर भरायला सांगतं, कुणी रोज सकाळी यादी करायला, कुणी पंचवीस मिनिटांचा गजर लावायला. वेळेचे कप्पे, मर्यादित यादी आणि पोमोडोरो या तिन्ही पद्धती चांगल्या आहेत, आणि चुकीच्या माणसाच्या हाती पडल्या की तिन्ही पंधरवड्यात बंद पडतात. मग तो माणूस स्वतःला बेशिस्त ठरवून मोकळा होतो. बहुतेक वेळा शिस्तीचा प्रश्नच नसतो. ती पद्धत ज्या प्रकारच्या दिवसासाठी बनली, तसा त्याचा दिवस नसतो, इतकंच.

म्हणून "मला कोणती पद्धत आवडेल" याआधी "माझ्या कामाच्या वेळेवर ताबा कुणाचा" हे विचारावं. हिशेब तपासणाऱ्याचे तास बऱ्याच अंशी त्याच्या हातात असतात. तक्रारींचे फोन घेणाऱ्याचे नसतात. या दोघांना एकच पद्धत सुचवणं म्हणजे दोघांपैकी एकाचं नुकसान करणं.

इथे पद्धतींचा कस दोनच गोष्टींवर लावला आहे: काम ठरल्या वेळी थांबतं का, आणि थांबल्यावर डोक्यातून उतरतं का. दिवसात किती कामं उरकली हे आम्ही दुय्यम मानतो. भराभर कामं उरकणाऱ्याच्या टेबलावर बहुधा आणखी कामंच येऊन पडतात.

## निवडीआधी पाच दिवसांची नोंद

एका कागदावर कामाचे आठ तास अर्ध्या अर्ध्या तासांत पाडा. दिवसाचे १६ खाने, पाच दिवसांचे ८०. प्रत्येक खान्यात एकच अक्षर लिहायचं: स्वतः ठरवून केलेल्या कामासाठी "स", दुसऱ्याने अचानक मागितलेल्या कामासाठी "दु", आधी ठरलेल्या मीटिंगसाठी "मी". अर्ध्या तासात दोन्ही झालं असेल, तर ज्याने जास्त वेळ खाल्ला त्याचं अक्षर.

खाना त्या त्या वेळी भरायचा, फार तर तासाभरात. संध्याकाळी आठवून भरलेली नोंद फसवी निघते. मोठी कामं आठवतात. मधले फोन, "जरा बघता का" म्हणून आलेले मेसेज आणि त्यानंतर पुन्हा सूर लागेपर्यंत गेलेली मिनिटं आठवत नाहीत. सण, सुट्या, वर्षअखेरीची धावपळ असलेला आठवडाही नोंदीसाठी घेऊ नये. त्यावरून काढलेला अंदाज पुढे अकरा महिने चुकत राहतो.

आठवडा संपला की "स" मोजा. ८० पैकी ४० किंवा जास्त असतील तर वेळेचे कप्पे तुमच्यासाठी. २० पेक्षा कमी असतील तर कप्प्यांच्या नादी लागू नका, मर्यादित यादी घ्या. मधल्या पट्ट्यात असाल तर दिवसाचा शांत अर्धा भाग कप्प्यांत आणि उरलेला यादीवर. हे आकडे दगडावरची रेघ नाहीत, पण २५ "स" असलेल्या माणसाने अख्खा दिवस कॅलेंडरात बांधायला घेतला तर काय होईल हे आधीच सांगता येतं: बुधवारपर्यंत कॅलेंडर आणि दिवस यांचा काही संबंध उरणार नाही.

## वेळेचे कप्पे

प्रत्येक कामाला दिवसातली ठराविक जागा द्यायची, ती कॅलेंडरवर लिहायची आणि त्या वेळात तेवढंच काम करायचं. यादी काय करायचं ते सांगते. कप्पा ते कधी करायचं आणि कधी थांबवायचं हेही सांगतो. घरासाठी वेळ राखायचा असेल तर या "कधी थांबवायचं"ला फार मोल आहे.

साडेनऊ ते सहा अशी नोकरी धरली, तर दिवस साधारण असा बसतो. ९.३० ला पंधरा मिनिटं आजची आखणी तपासणं. ९.४५ ते ११.१५ सर्वांत जड काम. मग अर्धा तास मेल. ११.४५ ते १२.३० दुसरं काम. १२.३० ते १ रिकामा. १ ते १.३० जेवण. १.३० ते ३ मीटिंग आणि इतरांबरोबरची कामं. पाव तास विश्रांती. ३.१५ ते ४.१५ तिसरं काम. ४.१५ ते ५ पुन्हा रिकामा. ५ ते ५.४० मेल आणि किरकोळ कामं. शेवटची वीस मिनिटं आवराआवर.

यातला सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे ते दोन रिकामे कप्पे, मिळून सव्वा तास. नव्याने सुरुवात करणारे लोक नेमके तेच भरून टाकतात, कारण मोकळी जागा पाहून वेळ वाया जातोय असं वाटतं. पण कामाला किती वेळ लागेल याचा माणसाचा अंदाज बहुधा आशावादी असतो. डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या चुकीची मांडणी केली: आपण कामाचं सुरळीत चित्र डोळ्यांसमोर आणतो आणि अशाच कामांना पूर्वी प्रत्यक्षात किती वेळ लागला हे विचारात घेत नाही. त्यावर साधा उपाय म्हणजे सुरुवातीचे दोन आठवडे मनातल्या अंदाजाची दीडपट करून कप्पा आखणं. तासाभराचं वाटणारं काम दीड तासाच्या कप्प्यात टाका. दोन आठवड्यांत प्रत्येक प्रकारच्या कामाला खरोखर किती वेळ लागतो हे कळतं, मग पट कमी करता येते.

कप्पे कसे कोसळतात तेही पाहून ठेवा. पहिलं काम चाळीस मिनिटं लांबलं. म्हणून दुसरं पुढे सरकलं, म्हणून तिसरंही. सगळे कप्पे एकेक पाऊल पुढे जात शेवटी कुठे जाऊन पडतात? संध्याकाळी. दिवसभरात जिच्यावर कुणाचं नाव लिहिलेलं नाही अशी तीच एक जागा असते. हे टाळायला एक नियम पुरतो: अर्ध्या तासापेक्षा जास्त घसरण झाली आणि रिकाम्या कप्प्यात ती मावत नसेल, तर बाकीचं पुढे ढकलायचं नाही. आजचा एक कप्पा काढून उद्यावर टाकायचा. कोणता काढायचा हे मनस्ताप वाढल्यावर ठरवू नये. सकाळच्या पंधरा मिनिटांतच त्या कप्प्यावर खूण करून ठेवावी.

संध्याकाळचेही कप्पे करावेत का, हा प्रश्न हमखास येतो. काम कधी संपणार एवढं पक्कं लिहा. पुढचं सैल ठेवा. २०१६ मध्ये गॅब्रिएला टोनिएटो आणि सेलिन मालकॉक यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असं दिसलं की फावल्या वेळातली गोष्ट घड्याळाच्या आकड्याला बांधली की ती कामासारखी वाटू लागते आणि तिच्यातली मजा कमी होते. "जेवणानंतर फिरायला" असं ढोबळ ठरवलं तर तो परिणाम दिसत नाही. अपवाद फक्त ज्या गोष्टी दुसऱ्याच्या वेळेला बांधलेल्या आहेत त्यांचा: मुलाला शिकवणीहून आणणं, डॉक्टरांची भेट. त्या आकड्यासकट लिहाव्यात, आणि ऑफिसच्या कॅलेंडरमध्येच. त्या वेगळ्या डायरीत राहिल्या की त्यांच्यावर मीटिंग येऊन बसते.

## मर्यादित यादी

यादी सगळेच करतात. तिला मर्यादा फार थोडे घालतात, आणि म्हणून ती संध्याकाळ खाते. अमर्याद यादीला शेवट नसतो. वीस कामं लिहून बारा झाली तरी माणूस आठ राहिली म्हणून अस्वस्थ घरी जातो. शिवाय यादीत लहान कामं पटापट खोडता येतात, म्हणून हात आपोआप तिकडे वळतो. मोठं काम साडेपाचला आठवतं.

मर्यादित यादीत दोन कागद असतात. एक साठवणीचा: जे सुचेल, जे सांगितलं जाईल ते तिथे. हा कितीही लांब चालेल. दुसरा आजचा: त्यावर एक मोठं, तीन मध्यम आणि पाच लहान कामं. मोठं म्हणजे तासाभरापेक्षा जास्त, मध्यम म्हणजे अर्धा ते एक तास, लहान म्हणजे पाच-दहा मिनिटं. ज्यांच्या नोंदीत "दु" सर्वांत जास्त आले त्यांना नऊ कामंही झेपणार नाहीत. त्यांनी एक मोठं, एक मध्यम, तीन लहान इथे थांबावं. अचानक काही आलं आणि ते आजच करणं भाग असेल, तर त्याच आकाराचं एक काम आजच्या कागदावरून साठवणीत परत जातं. आत एक आलं तर बाहेर एक गेलं. ही अट पाळली नाही तर दोन कागद करूनही ती जुनीच यादी राहते.

काम कसं लिहिता यावर ते होणार की नाही हे बरंच ठरतं. "अहवाल" असं लिहिलं तर प्रत्येक वेळी नजर पडली की त्यात नेमकं काय करायचं याचा विचार नव्याने करावा लागतो, आणि डोळे पुढच्या ओळीवर जातात. "अहवालातल्या दुसऱ्या तक्त्याचे आकडे मूळ नोंदींशी ताडून पाहणे" असं लिहिलं की बसल्या बसल्या सुरुवात होते. प्रत्येक ओळीत क्रियापद हवं, आणि ते काम एका बैठकीत संपण्याजोगं हवं. सलग तीन दिवस एकच ओळ उद्याच्या कागदावर उतरवावी लागली, तर चौथ्या दिवशी ती तशीच लिहायची नाही. तिचे तुकडे करा, दुसऱ्याला द्या किंवा सरळ खोडा.

अशी यादी व्यत्ययाने कोलमडत नाही. फोन आला, अर्धा तास गेला, परत आलात, यादी होती तिथेच आहे. परिचारिका, दुकानाचा व्यवस्थापक, शाळेतल्या कार्यालयाचे कर्मचारी यांच्या दिवसात हीच एक पद्धत टिकते. तिची उणीव मात्र स्पष्ट आहे: तिला घड्याळ नाही. थांबायची वेळ ती सांगणार नाही, ती तुम्हालाच बाहेरून घालावी लागते.

## पोमोडोरो

फ्रान्चेस्को चिरिल्लो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस विद्यार्थी असताना ही पद्धत बसवली, टोमॅटोच्या आकाराच्या स्वयंपाकघरातल्या गजराच्या घड्याळावर. नाव त्यावरूनच पडलं, कारण इटालियन भाषेत टोमॅटोला पोमोडोरो म्हणतात. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती, अशा चार फेऱ्या झाल्या की १५ ते ३० मिनिटांची मोठी सुटी. चार फेऱ्यांना मोठ्या सुटीसकट दोन तास दहा मिनिटं ते दोन तास पंचवीस मिनिटं लागतात आणि त्यात प्रत्यक्ष काम १०० मिनिटं होतं. दिवसात आठ फेऱ्या झाल्या तर एकाग्र काम तीन तास वीस मिनिटं. हा आकडा कमी वाटतो, पण ज्याने खरोखर मोजलं आहे त्याला ती चांगली मजल आहे हे ठाऊक असतं.

आमच्या मते ही पहिल्या दोघांच्या बरोबरीची निवड नाही. पोमोडोरो काय करायचं ते सांगत नाही आणि दिवस कधी संपवायचा तेही सांगत नाही. टाळलेलं काम सुरू करायला मात्र तिच्यासारखा उपाय नाही, कारण पंचवीस मिनिटांची भीती कुणाला वाटत नाही. चालढकल करून संध्याकाळ घालवणाऱ्याने कप्प्याच्या किंवा यादीच्या आत तिचा वापर करावा. गुंतागुंतीचं काम असेल आणि नुसता धागा हाती यायलाच पंधरा-वीस मिनिटं जात असतील, तर ५० मिनिटं काम आणि १० मिनिटं विश्रांती असं माप घ्या.

पाच मिनिटांच्या विश्रांतीत मेल उघडणं ही इथली नेहमीची चूक. एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो, असं सोफी लेरॉय यांच्या २००९ च्या अभ्यासात दिसलं. मेलमधलं नवं अर्धवट काम डोक्यात घेऊन पुढची फेरी सुरू केली तर ती फेरी नावापुरतीच होते. उठा, पाणी प्या, खिडकीतून लांब पाहा.

## शेजारी ठेवून पाहिल्यावर

| मुद्दा | वेळेचे कप्पे | मर्यादित यादी | पोमोडोरो |
|---|---|---|---|
| कुणासाठी | ज्यांचे निम्मे तास स्वतःच्या हातात आहेत | ज्यांना दिवसभर कुणी ना कुणी हाक मारतं | ज्यांना सुरुवात करणं जड जातं |
| आखणीला रोज | १५ ते २० मिनिटं | ५ ते १० मिनिटं | जवळपास शून्य |
| अचानक काम आलं तर | रिकामा कप्पा वापरा, नाहीतर एक कप्पा उद्यावर | एक आत, एक बाहेर | फेरी रद्द, नव्याने सुरू |
| कुठे मोडते | पहिल्याच घसरणीत सगळं पुढे सरकतं | छोटी कामं होतात, मोठं राहतं | विश्रांतीत फोन हातात येतो |
| काम थांबवते का | हो, रिकामे कप्पे राखले तर | नाही, वेळ बाहेरून ठरवावी लागते | नाही |

## दुसरा निर्णय: भिंत की सरमिसळ

पद्धत निवडली तरी निम्मंच काम झालं. काम आणि घर यांच्यामध्ये भिंत घालायची की दोन्ही एकमेकांत मिसळू द्यायचं, हा स्वतंत्र निर्णय आहे, आणि घरातल्या कुरबुरी बहुधा तो न घेतल्याने होतात. १९९६ मध्ये समाजशास्त्रज्ञ ख्रिस्तिना निपर्ट-एंग यांनी हाच विषय सविस्तर मांडला: काही माणसं किल्ल्या, कपडे, डायरी, गप्पा सगळंच वेगळं ठेवतात, काही सगळं एकत्र ठेवतात, आणि बहुतेक जण मध्ये कुठेतरी असतात.

भिंतीचा फायदा असा की ती आखायला सोपी आणि इतरांना समजायला त्याहून सोपी. सहा वाजता लॅपटॉप बंद, कामाच्या मेलची सूचना बंद, कामाचं ॲप फोनच्या पहिल्या पानावरून हलवलेलं. खऱ्या तातडीसाठी एकच दार उघडं ठेवायचं: फोन. मेसेज आणि मेल नाहीत. "खूपच निकडीचं असेल तर फोन करा, मेसेज मी उद्या सकाळी पाहीन" हे सहकाऱ्यांना एकदा स्पष्ट सांगितलं की तातडीची कामं आश्चर्य वाटावं इतकी कमी होतात. मेसेज टाकायला विचार लागत नाही, फोन लावताना माणूस थबकतो. भिंत कुठे टिकत नाही? दूरच्या देशातल्या सहकाऱ्यांबरोबर रोज रात्री बोलावं लागत असेल तिथे, आणि घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असल्यामुळे दिवसा मधूनमधून उठावंच लागत असेल तिथे.

अशांना सरमिसळ बरी. पण तिचा हिशेब ठेवावाच लागतो, कारण न मोजलेली सरमिसळ एकाच दिशेने वाहते. रात्रीच्या कामासाठी घरच्यांना "जरा थांब" म्हणणं सोपं असतं. दुपारच्या घरच्या कामासाठी साहेबांना तेच म्हणणं अवघड. म्हणून अदलाबदल तासांची करा. दुपारी ३ ते ५ मुलांसाठी घेतले तर रात्री ९ ते ११ कामाला दिले, आणि ११ ला बंद. कोणत्या दोन किंवा तीन रात्री हे चालेल तेही आठवड्याच्या सुरुवातीला घरात बोलून ठरवा. रोज रात्री उघडा असलेला लॅपटॉप म्हणजे अदलाबदल राहिली नाही, नुसती वाढीव ड्यूटी झाली. आठवड्याच्या शेवटी दोन आकडे शेजारी लिहा: घरासाठी कामातून घेतलेले तास आणि कामासाठी घरातून घेतलेले तास. दुसरा आकडा सलग तीन आठवडे मोठा राहिला तर भिंतीकडे परत जावं.

काही देशांनी या भिंतीला कायद्याचा आधार दिला आहे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेर संपर्क तोडण्याच्या हक्कावर कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींशी बोलणी करावी लागतात. ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४ पासून असा हक्क लागू झाला. जिथे असा कायदा नाही तिथेही आपल्या संस्थेच्या नियमावलीत याबद्दल काय म्हटलं आहे ते वाचून पाहावं. कित्येकदा अपेक्षा साहेबांची नसते, आपणच ती गृहीत धरलेली असते.

## थांबण्याची वीस मिनिटं

पद्धत कोणतीही घ्या, हा भाग वगळू नका. सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ मध्ये लिहिलं की काम उपलब्ध वेळ भरेपर्यंत पसरत जातं. संध्याकाळला शेवट नसेल तर काम तिच्यात पसरणारच. आणि वेळेवर उठलात तरी अर्धवट कामं डोक्यात घोळत राहतात. मात्र ई. जे. मासिकाम्पो आणि रॉय बाउमाइस्टर यांच्या २०११ च्या प्रयोगांत एक दिलासा देणारी गोष्ट दिसली: अपुरं काम पूर्ण न करताही, ते कसं आणि कधी करणार याचा नेमका बेत ठरवला की मन त्याचा पिच्छा सोडतं.

म्हणून शेवटची वीस मिनिटं अशी वापरा. मेल शेवटचा पाहून घ्या. उत्तर दोन मिनिटांत होत असेल तर द्या, नाहीतर उद्याची वेळ टाका. आजच्या कागदावर उरलेल्या प्रत्येक कामापुढे वार लिहा, "नंतर" हा शब्द चालणार नाही. मग अर्ध्यावर असलेल्या कामाची खूण ठेवा. उदाहरणार्थ: "ओळ ४२ पर्यंत बेरीज जुळली. उद्या ९.४५ ला ओळ ४३ पासून. आधी फेब्रुवारीची फाइल उघडणे." ही एक ओळ लिहायला अर्धं मिनिट लागतं, आणि रात्री अंथरुणावर "ते कुठपर्यंत आलं होतं" हे आठवत बसण्याची गरज संपते. सगळ्या खिडक्या बंद करा, नुसत्या लहान करून ठेवू नका. घरून काम असेल तर लॅपटॉप नजरेआड ठेवा, आणि त्यानंतर दहा मिनिटं चालून या. ऑफिस ते घर या प्रवासात मन आपोआप वळण घेतं. घरून काम करणाऱ्याला ते वळण मुद्दाम घ्यावं लागतं.

वीस मिनिटं राखली नाहीत तर हे सगळं पाच मिनिटांत उरकायची घाई होते आणि "एवढं एकच उत्तर देऊन उठतो" यात पाऊण तास जातो. सहाला उठायचं असेल तर गजर ५.४० चा लावा, सहाचा नको.

## कुणी काय घ्यावं

लिहिणं, आकडेमोड, आरेखन, संगणकाचा प्रोग्राम लिहिणं अशी कामं करणाऱ्यांनी कप्पे आणि भिंत ही जोडी घ्यावी. लोकांच्या हाकेला ओ देणं हेच ज्यांचं काम आहे त्यांनी मर्यादित यादी आणि भिंत. त्यांची भिंत जास्त कडक हवी, कारण दिवसभर इतरांना दिल्यावर संध्याकाळीही हाक मारायची लोकांना सवय झालेली असते.

पाळीत काम करणाऱ्यांनी दिवसाची आखणी करण्यात शक्ती घालवू नये. पाळी बदलली की ती निरुपयोगी. त्यांनी आठवड्याची आखणी करावी. पाळ्यांचा तक्ता हाती आला की आधी झोपेचे तास लिहायचे, मग घरच्यांबरोबरची निदान दोन जेवणं, आणि मग बाकीचं. रात्रपाळीनंतरची झोप "मोकळा वेळ" म्हणून घरातल्या कामांना दिली जाते, हा इथला नेहमीचा घोटाळा. ते तास तक्त्यावर लिहून सगळ्यांना दिसतील असे लावा.

स्वतःचा व्यवसाय असणाऱ्यांच्या नोंदीत "स" भरपूर निघतात, म्हणून त्यांना वाटतं आपल्याला पद्धतीची गरज नाही. त्यांनाच ती सर्वांत जास्त आहे, कारण त्यांना घरी जा म्हणणारं कुणी नसतं. त्यांनी इतर काही केलं नाही तरी चालेल, पण थांबण्याची वेळ ठरवून ग्राहकांनाही कळवावी.

लहान मूल सांभाळत घरून काम करणाऱ्यांनी यादी घ्यावी आणि प्रत्येक ओळीपुढे लागणारी मिनिटं लिहावीत: १०, २५, ४०. मूल झोपलं की किती वेळ मिळणार हे आधी कळत नाही. २५ ची ओळ हाताशी असली की तो वेळ काय करू या विचारात जात नाही.

## दोन आठवड्यांची परीक्षा

एक पद्धत, एक सीमा (भिंत किंवा सरमिसळ), दहा कामाचे दिवस. मध्येच ॲप बदलू नका. ॲप निवडण्यात गेलेली संध्याकाळसुद्धा गेलेलीच असते. कागद पुरतो. रोज दोनच आकडे टिपा: काम थांबवलं ती वेळ, आणि त्यानंतर झोपेपर्यंत कामाचा मेल किंवा मेसेज किती वेळा उघडला. दुसऱ्या आठवड्यात दोन्ही आकडे खाली आले तर पद्धत जमली. वेळ सुधारली पण उघडण्याची संख्या तशीच राहिली, तर भिंत कच्ची आहे किंवा वीस मिनिटं पाळली जात नाहीत. संख्या घटली पण वेळ तीच, तर कप्प्यांत रिकामी जागा कमी आहे किंवा यादी लांब आहे.

दोन्ही आकडे हलले नाहीत तर पद्धतीला दोष देऊ नका, बेरीज करून पाहा. आठवड्याचे १६८ तास. झोपेचे ५६ गेले. कामाचे ४०, जाण्यायेण्याचे आणि जेवणाच्या सुटीचे मिळून १०, स्वतःची आणि घरची रोजची कामं दिवसाला ३ धरून २१. उरले ४१. त्यातले २६ दोन सुट्यांचे. म्हणजे कामाच्या दिवशी हाती राहतात तीन तास. काम ४० वरून ५५ तासांवर गेलं की दिवसाला बरोबर तीनच तास वाढतात, आणि पाचही दिवशी शिल्लक शून्य. पुढचं सगळं झोपेतून कापलं जातं. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांत, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त आढळला.

इतकं काम कोणत्याही कप्प्यात किंवा यादीत बसत नाही. तेव्हा ८० खान्यांचा तो कागद घेऊन वरिष्ठांकडे जा. "काम जास्त होतंय" एवढंच म्हटलं तर "वेळेचं नियोजन करा" असं उत्तर मिळतं. कागद समोर ठेवून, "या आठवड्यात ३४ खाने अचानक आलेल्या कामांचे आहेत, आणि ठरलेली ही तीन कामं त्यामुळे संध्याकाळी जातात, यातलं कोणतं थांबवू किंवा कुणाकडे देऊ?" असं विचारलं की त्यांना तीनपैकी एकाचं नाव घ्यावं लागतं. ते नाव त्याच दिवशी मेलवर लिहून पाठवा.